बड फॉस्टरचा डबा

अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल पाहणारे लोक खेळाडूंची नावे पाठ करतात. मला मात्र वर्षानुवर्षे ओढ आहे ती सहायक कोचमंडळींची. कोण कुणाच्या हाताखाली घडला आणि कुठून कुठे गेला, याचा माग काढण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या.

रचना थोडक्यात सांगतो. हा हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. वर मुख्य कोच, त्याच्याखाली आक्रमण आणि बचाव सांभाळणारे कोऑर्डिनेटर, मग एकेका जागेचे कोच. तळाला ग्रॅज्युएट असिस्टंट. पदव्युत्तर शिक्षण घेता घेता तो सामन्यांची चित्रणे तपासतो आणि सरावात पडेल ते काम करतो.

पुढे नामांकित मुख्य कोच ठरलेला निक सेबन या पायरीवर आला तो ध्यानीमनी नसताना. १९७३ साली केंट स्टेट विद्यापीठात पत्नी टेरीचे शिक्षण पुरे व्हायचे होते, म्हणून तो तिथेच थांबला आणि तिथला मुख्य कोच डॉन जेम्स याने त्याला हाताशी घेतले. पुढे सिराक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट अशी भटकंती झाली. मुख्य कोच झाला तो थेट १९९० मध्ये, टोलेडोला. सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणाऱ्या माणसाची ही उमेदवारी! पुढे सेबन अलाबामा विद्यापीठाचा मुख्य कोच असताना त्याच्या हाताखाली बचाव सांभाळलेला कर्बी स्मार्ट जॉर्जिया विद्यापीठाचा मुख्य कोच झाला आणि १० जानेवारी २०२२ रोजी अंतिम सामन्यात त्याने गुरूलाच ३३-१८ असे हरवले.

या पेशात बिऱ्हाड पाठीवरच असते. मुख्य कोचची नोकरी गेली की बहुतेक वेळा त्याच्या सहायकांचीही जाते. मुलांची शाळा बदलते, बायकोला नव्या गावात पुन्हा नोकरी शोधावी लागते. म्हणूनच एकाच ठिकाणी टिकून राहिलेला बड फॉस्टर मला विलक्षण वाटतो.

मरे स्टेट विद्यापीठात तो कोच फ्रँक बीमरच्या हाताखाली खेळला, तिथेच कोचिंगला लागला आणि १९८७ मध्ये, बीमर व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा मुख्य कोच झाला तेव्हा, त्याच्याबरोबर तिथे आला. १९९५ पासून २०१९ पर्यंत तिथल्या बचावाची सूत्रे त्याच्याकडे होती. २०१५ च्या हंगामानंतर बीमर निवृत्त झाला, तरी नव्या मुख्य कोचने फॉस्टरला सोडले नाही.

त्याच्या बचावाची खूण होती पोचे पडलेला एक पत्र्याचा डबा. गिरणगावातला कामगार पाळीला निघताना न्यायचा, तसाच. सरावात आणि सामन्यात जीव तोडून खेळणाऱ्याला तो डबा वाहण्याचा मान मिळे. मुलगी व्हर्जिनिया टेकला शिकत असताना मी विद्यापीठाच्या गावी, ब्लॅक्सबर्गला गेलो, तेव्हा तिथल्या लेन स्टेडियममध्ये सामन्याआधी दुर्बीण लावून बसलो होतो. एक आडदांड पोरगा तो डबा सांभाळून नेताना दिसला, आणि शेजारच्या आजोबांनी मला त्याची सगळी कथा कौतुकाने ऐकवली.

उत्कृष्ट सहायक कोचला १९९६ पासून ब्रॉयल्स पुरस्कार देतात. फॉस्टरला तो २००६ मध्ये मिळाला, स्मार्टला २००९ मध्ये. स्मार्ट पुढे मुख्य कोच झाला, फॉस्टर कॉलेज संघाचा मुख्य कोच कधीच झाला नाही. तरी माझ्या लेखी त्याची कारकीर्द अपुरी नाही. मुख्य कोचला देणगीदार, पत्रकार, विद्यापीठाचे अध्यक्ष सगळ्यांनाच सांभाळावे लागते. पोरांना पाय कुठे रोवायचा हे शिकवायला त्याला वेळ उरतो कुठे? फॉस्टरने ते शिकवण्यातच उभी हयात घालवली, आणि या खेळातले सर्वात मोलाचे काम तेच आहे.