समजून घ्या : पाया खणताना जुना तोफगोळा निघाला तर?

जळगाव असो की धुळे, पाया खणणारा जेसीबी गल्लोगल्ली दिसतो. त्याच्या बकेटला एखाद दिवशी गंजलेला तोफगोळा लागला तर?

दुसऱ्या महायुद्धात खान्देशावर विमानांनी बॉम्ब टाकले नाहीत. पण महाराष्ट्रात हा प्रश्न काल्पनिक नाही.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. गाठ आतल्या आत कशी धुमसते, हे आपल्याकडच्या जिनिंगवाल्यांना सांगायला नको. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाच्या ६६ जवानांसह शेकडो माणसे गेली. त्यानंतर ६७ वर्षांनी, २०११ मध्ये, याच गोदी परिसरात ४५ किलोंचा जिवंत गोळा सापडला.

इतक्या वर्षांनी तो फुटतो कसा?

टीएनटीसारखे स्फोटक मातीत सडून निकामी होत नाही. गंजतो तो फ्यूज. मग तो कोणत्या धक्क्याने पेटेल, याचा भरवसा नाही. जर्मनीत गॉटिंगेन शहरात २०१० मध्ये असा बॉम्ब निकामी करण्याची तयारी सुरू असतानाच तो फुटला आणि ३ तज्ज्ञ ठार झाले. म्हणूनच तिथे संशयित जागेवर बांधकामाआधी युद्धकाळातले हवाई फोटो तपासतात, मॅग्नेटोमीटरने जमिनीतले लोखंड शोधतात.

आपल्याकडे प्रत्येक प्लॉटवर हे करणे म्हणजे पैसा वाया. जुनी गोदी, दारूगोळ्याची कोठारे, गोळीबार सरावाची मैदाने यांच्या आसपास मात्र ते हवेच. खान्देशात खरी भीती भंगाराची. २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या स्टील कारखान्यात परदेशी भंगारातले गोळे फुटून १० कामगार दगावले.

मग करायचे काय?

यंत्र जागेवरच बंद करा. वस्तू बकेटमध्ये असेल तर खाली टाकू नका. माती झटकू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. माणसे लांब न्या आणि ११२ वर फोन करा. पोलिसांचे बॉम्ब शोधक व नाशक पथक येते, गरज पडली तर लष्कर. दोन दिवस काम थांबेल म्हणून वस्तू गुपचूप भंगारात देणारा ठेकेदार धोका फक्त पुढच्या माणसाकडे ढकलतो. तो माणूस बहुतेक वेळा हातात गॅस कटर घेऊन बसलेला असतो.