कचरा नव्हे, अडगळ

‘जंक डीएनए’चं मराठीत ‘कचरा डीएनए’ झालं आणि निम्मा घोटाळा तिथेच झाला. कचरा आपण रोज सकाळी घंटागाडीत टाकतो. अडगळ माळ्यावर जाते. मोडका पंखा, आजीचा फिरकीचा तांब्या, कसल्याशा यंत्राचा सुटा दांडा. टाकवत नाही, वापरात नाही, आणि त्रास देत नाही तोवर कुणी हातही लावत नाही. नोबेलविजेते जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी इंग्रजीतल्या ‘जंक’ आणि ‘गार्बेज’मध्ये हाच फरक दाखवला होता. आनुवंशिकीतज्ज्ञ सुसुमू ओहनो यांनी १९७२ साली जनुकसंचासाठी रूढ केलेला शब्द ‘जंक’ होता. आपल्याकडे दोन्हींना वेगळे शब्द असताना भाषांतर करणाऱ्यांनी नेमका चुकीचा उचलला.

या माळ्यावर आहे तरी काय? माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३१० कोटी अक्षरं आहेत. प्रथिनं कशी बनवायची हे सांगणारा भाग २ टक्क्यांहून कमी. जवळजवळ निम्मा भाग मात्र जागा बदलणाऱ्या, स्वतःच्या प्रती काढून दुसरीकडे चिकटवणाऱ्या तुकड्यांचा, म्हणजे बहुतांशी त्यांच्या अवशेषांचा. असे तुकडे असतात हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात मक्याच्या कणसावरचे रंगीत दाणे बघून ओळखलं होतं. त्यासाठीचं नोबेल मिळायला १९८३ उजाडलं.

‘आपला निम्मा डीएनए विषाणूंचा आहे’

नाही. रेट्रोव्हायरसांकडून आलेला वाटा सुमारे ८ टक्के. त्याहून मोठा वाटा ‘लाइन-१’ नावाच्या तुकड्यांचा, सुमारे १७ टक्के. त्यापाठोपाठ ‘अ‍ॅलू’: जेमतेम ३०० अक्षरांचा, पण १० लाखांहून जास्त प्रती. (अळू आणि आलू दोघांशीही संबंध नाही. ज्या जिवाणूच्या विकरानं हे तुकडे कापून ओळखले गेले, त्याच्या शास्त्रीय नावातून हे नाव आलं.) अ‍ॅलू हा तर पेशीच्याच एका साध्या आरएनएपासून बनलेला. त्याला स्वतःची प्रतही काढता येत नाही, तो लाइन-१ची यंत्रणा उसनी घेतो. फुकट्याच्या जिवावर जगणारा फुकट्या.

आणि ८ टक्के म्हणजे आपल्याला झालेल्या आजारांची नोंदवही नव्हे. फ्लूचा विषाणू एरवी डीएनएत शिरत नाही. रेट्रोव्हायरस मात्र आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करून यजमानाच्या गुणसूत्रात घुसवतो. एचआयव्ही तसाच आहे, पण तो रक्तातल्या पेशींत घुसतो आणि त्या पेशी माणसाबरोबर संपतात. वारशात उतरायचं तर अंड्यात, शुक्राणूत किंवा ते घडवणाऱ्या पेशींत शिरावं लागतं, त्या पेशीतून संतती व्हावी लागते आणि पुढच्या पिढ्यांत ती टिकावी लागते. फार क्वचित जुळणारा योग.

‘आत झोपलेले विषाणू एक दिवस जागे होतील’

भीती घालायला सोपं वाक्य आहे. यातले बहुतेक विषाणू झोपलेले नाहीत, मोडलेले आहेत. लाखो वर्षांत अक्षरं बदलली, तुकडे गळाले. अनेक ठिकाणी तर विषाणूच्या टोकाचा एक तुकडाच उरलाय, वाडा पडून दिंडी दरवाजा तेवढा राहावा तसा. २००६ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी अशा एका कुळातल्या मोडक्या प्रती शेजारी शेजारी ठेवून मूळ विषाणू कसा असेल ते ताडलं आणि प्रयोगशाळेत तो बनवला. नाव ठेवलं ‘फिनिक्स’. त्याला जागं करायला इतकी मेहनत लागली, यातच काय ते आलं.

लाइन-१चं तसं नाही. त्याच्या सुमारे ५ लाख प्रतींपैकी शंभरेक अजून उडी मारू शकतात. १९८८ साली अमेरिकेत हेग कझाझियन यांच्या गटानं हिमोफिलियाचे २४० रुग्ण तपासले. दोघांच्या रक्त गोठवणाऱ्या जनुकात लाइन-१ येऊन बसला होता. नवा, ताजा.

मग अशा उड्या रोज का होत नाहीत? कारण पेशीनं माळ्याला कुलूप घातलंय, खरं तर कुलपांवर कुलपं. डीएनएच्या ‘सी’ या अक्षरावर मिथाइलचा एक लहानसा गट चिकटवला की तो भाग सहसा वाचला जात नाही. १९९८मध्ये, हे मिथाइल टिकवणारं विकर नसलेले उंदराचे गर्भ तपासले, तेव्हा एका रेट्रोव्हायरससदृश तुकड्याचा आरएनए ५० ते १०० पट वाढलेला दिसला. दुसरं कुलूप म्हणजे पहारेकरी प्रथिनं, माणसात साडेतीनशेहून जास्त प्रकारची. प्रत्येक जण विशिष्ट अक्षरक्रम ओळखतो, तिथे जाऊन बसतो आणि मदतनिसांना बोलावतो. ते मग तिथला डीएनए घट्ट गुंडाळायला लावतात. गर्भाच्या पहिल्या दिवसांत मिथाइलच्या खुणा मोठ्या प्रमाणात पुसल्या जाऊन नव्यानं लागतात, तेव्हा भिस्त या पहाऱ्यावर असते. वृषणात तिसरी तऱ्हा: उड्या मारणाऱ्या तुकड्यांशी जुळणारे छोटे आरएनए त्यांना हुडकून काढतात.

पण चोरही शिकतो. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलेली गोष्ट मला फार आवडते. आपल्या वानर पूर्वजांत ‘झेडएनएफ-९३’ हा पहारेकरी लाइन-१ला अंगावरच्या एका खुणेवरून पकडायला शिकला. पुढे लाइन-१च्या एका शाखेनं ती १२९ अक्षरांची खूणच गाळून टाकली आणि पुन्हा पसरली. म्हणून ‘गप्प केलं’ याचा अर्थ ‘काढून टाकलं’ असा होत नाही. पहारा आहे तोवर गप्प.

‘वार तयार व्हावी म्हणून निसर्गानं विषाणू आणला’

इथे वस्तुस्थिती इतकी अद्भुत आहे की ती वाढवून सांगायचा मोह होतो. विषाणूच्या कवचावरचं एक प्रथिन पेशीच्या आवरणाशी त्याचं आवरण जुळवून टाकतं, म्हणून तो आत शिरतो. गरोदरपणात वारेत, आई आणि बाळ यांच्या सीमेवर, असंख्य पेशी एकमेकींत विरघळून एक सलग थर बनतो. त्याच थरातून बाळाला अन्न पोचतं. या पेशी जुळवणारं ‘सिंसिटिन’ हे प्रथिन एका प्राचीन रेट्रोव्हायरसच्या कवचाचं आहे, हे २०००मध्ये उघड झालं. उंदरातही असं प्रथिन आहे, पण ते वेगळ्याच विषाणूचं. ते नसेल तर उंदराची पिल्लं गर्भातच मरतात. सशाचं वेगळं, मांजर-कुत्र्यांच्या कुळाचं वेगळं. तीच युक्ती, पण प्रत्येकानं आपापल्या माळ्यावरून काढलेली.

यावरून ‘विषाणू नसते तर आपण अंडी घातली असती’ अशी वाक्यं फिरतात. घोडी आणि डुकरीण असा सलग थर नसलेल्या वारेवर व्यवस्थित पिल्लं वाढवतात. कुणी कशासाठी काही आणलं नव्हतं. सामान पडलेलं होतं, कामी आलं.

कामी येण्याची किंमतही असते. माणूस आणि मानवसदृश वानरांची (एप) शेपूट गेली त्यामागे शेपटीच्या वाढीशी संबंधित जनुकात सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी येऊन पडलेला एक अ‍ॅलू असावा, असं २०२४ साली प्रसिद्ध झालं. तो शेजारच्या उलट्या अ‍ॅलूशी जोडी जमवतो आणि मधला मजकूर गाळला जातो. तसाच बदल केलेल्या उंदरांना आखूड शेपूट आली किंवा आलीच नाही, पण काहींच्या पाठीच्या कण्यातही दोष निघाला.

‘म्हणजे सगळंच उपयोगाचं’

२०१२मध्ये, जनुकसंचातले कामाचे भाग शोधणाऱ्या ‘एन्कोड’ प्रकल्पानं ८० टक्के जनुकसंचाला काहीतरी जैवरासायनिक हालचाल चिकटवली आणि बातम्यांनी ‘कचरा डीएनए संपला’ असं जाहीर केलं. त्यावर बरीच टीकाही झाली. एखादा भाग वाचला जातो म्हणजे त्याचं काम आहे असं नाही, माळ्यावर उंदीर खुडबुडले म्हणून तिथे कुणी राहायला आलेलं नसतं. साधी तपासणी कांद्याची: लासलगावच्या बाजारात आलेल्या कुठल्याही कांद्याच्या पेशीत माणसाच्या सुमारे पाचपट डीएनए असतो. तो सगळा कामाचा मानायचा, तर कांदा घडवायला माणसापेक्षा जास्त काय लागतं, हे सांगावं लागेल. उपयोगी ठरलेले तुकडे खरेच आहेत, आपली प्रतिपिंडं घडवणारी यंत्रणासुद्धा एका जुन्या उडत्या तुकड्यापासून आली. पण लाखोंच्या ढिगात असे नग मोजके.

‘हे सगळं कोट्यवधी वर्षांपूर्वीचं’

ऑस्ट्रेलियात आत्ता चालू आहे. कोआला या प्राण्यात एक रेट्रोव्हायरस संसर्गानं पसरतो, रक्ताचा कर्करोग घडवतो, आणि त्याच वेळी शुक्राणू-अंड्यांत शिरून वारशानंही उतरतो. उत्तरेला क्वीन्सलंडमध्ये तो जवळजवळ सगळ्या कोआलांच्या जनुकसंचात आहे, दक्षिणेकडे कमी. २०१९ साली या कोआलांच्या वृषणात डोकावून पाहिलं, तर छोट्या आरएनएंची यंत्रणा विषाणूच्या आरएनएचे तुकडे पाडायला लागलेली दिसली. पण त्याला नेमकं हुडकून कायमचं गप्प करायला लागणारे उलट अक्षरक्रमाचे आरएनए मात्र तिथे फारसे नव्हते. विषाणू घरात आला होता, माळ्यावर अजून गेला नव्हता.