नावे जपणारे दगड

‘उल्हासनगर कॅम्प ४’ हा पत्ता तुम्ही अनेकदा लिहिला असेल. पण आपल्या पत्त्यात ‘कॅम्प’ हा शब्द कोठून आला, याचा कधी विचार केला आहे का? कॅम्प म्हणजे छावणी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची मोठी छावणी होती. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून आलेली कुटुंबे सैनिकांच्या रिकाम्या बराकींत राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे कोनशिला बसवली आणि या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले.

या छावणीतून लढाईवर गेलेले सगळेच सैनिक परत आले नसतील. जे परत येत नाहीत, त्यांची आठवण कशी ठेवतात?

विठ्ठलवाडी स्टेशनवरून लोकल गाडीने मुंबईला जा आणि तेथून बसने कुलाब्याला जा. तेथे एक उंच मनोऱ्याचे चर्च दिसेल. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. पहिल्या अफगाण युद्धात (१८३८ ते १८४२) आणि सिंधच्या मोहिमेत मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले आहे. १८४७ साली त्याचा पाया घातला गेला आणि १८५८ साली ते प्रार्थनेसाठी खुले झाले. त्याचा मनोरा सुमारे ६० मीटर उंच आहे.

या चर्चमध्ये मृत अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. अशा यादीला सन्मानयादी म्हणतात. पण साध्या शिपायांची नावे तेथे नाहीत. त्यांची संख्या फार मोठी असल्यामुळे नावे लिहिता आली नाहीत, असे तेथील लेखातच म्हटले आहे. विचार करा, त्या शिपायांनाही आई होती, घर होते, गाव होते!

पुढे ही रीत बदलली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, युद्धातील मृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळण्यासाठी एक आयोग स्थापन झाला. हुद्दा, जात, धर्म न पाहता प्रत्येकाचे नाव लिहायचे, असे त्याने ठरवले. मुंबईत मशीद बंदर भागात ‘इंडियन सेलर्स होम’ ही खलाशांची इमारत आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात मरण पावलेल्या सहा हजारांहून अधिक खलाशांच्या नावांची नोंदवही तेथे ठेवलेली आहे. त्या वहीची दुसरी प्रत बांगलादेशातील चितगावला आहे. एक प्रत नष्ट झाली, तरी दुसरी उरावी. जतन करण्याचा हा पहिला धडा आहे.

दगडावरचे नाव कायम टिकते, असे आपल्याला वाटते. पण तसे नसते. समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि पावसाच्या ओलाव्याने दगडाचे पापुद्रे सुटतात. फलक बसवताना लावलेले लोखंडी खिळे गंजून फुगतात आणि दगडाला तडे जातात. माणसेही नकळत नुकसान करतात. फलक चकचकीत व्हावा म्हणून कोणी ॲसिड ओततात. ॲसिडमध्ये संगमरवर विरघळतो आणि अक्षरे पुसट होतात. कोणी फटीत सिमेंट भरतात. सिमेंटमुळे ओलावा आत कोंडला जातो आणि जुना दगड फुटू लागतो. म्हणून जुन्या बांधकामात चुन्याचाच गिलावा वापरतात.

मग आपण काय करावे? जुना फलक दिसला, तर प्रथम त्यावरील मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवून घ्या. शुद्धलेखनाची चूक दिसली, तरी ती सुधारू नका. फोटो काढा. अक्षरे पुसट असतील, तर बाजूने विजेरीचा उजेड टाका. सावलीमुळे ती उठून दिसतात. त्यांवर खडू किंवा रंग फासू नका. तारेचा ब्रश कधीच वापरू नका. धूळ मऊ ब्रशने हलकेच झाडता येते. फलक फुटू लागला असेल, तर त्याला हात लावू नका, मोठ्यांना सांगा. ते जाणकारांना बोलावतील. जुन्या नोंदवह्या कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवाव्यात आणि स्वच्छ, कोरड्या हातांनी उघडाव्यात.

चर्च असो, मशीद असो, देऊळ असो, की शाळा असो. जेथे जुन्या माणसांची नावे कोरलेली आहेत, ती जागा आपण सर्वांनी जपली पाहिजे.

आपल्या कॅम्पमधील जुन्या बराकीही आता हळूहळू नाहीशा होत आहेत. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसा. “आपल्या घरातले सर्वांत जुने नाव कोणाचे?” असे त्यांना विचारा. ते नाव वहीत लिहा, आणि दुसऱ्या वहीतही लिहून ठेवा.