राखेआडच्या दीर्घिका

माझ्या आजोळी गॅस आला तो फार उशिरा. तोवर सारे चुलीवर चाले. रात्री निजण्यापूर्वी आजी चुलीतले निखारे राखेने झाकून ठेवी. पहाटे उठून ती चुलीपुढे बसे आणि आधी राखेवर तळवा धरी. डोळ्यांना काळोखाखेरीज काही दिसत नसे. पण विस्तव जिवंत आहे हे हात सांगे. मग फुंकणी, आणि मग जाळ.

गेल्या दिवाळीत गच्चीवर आकाशकंदील टांगताना मला ही आजी आठवली. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने विचारले, “मामा, विश्वातल्या सर्वांत तेजस्वी दीर्घिका कशा दिसत असतील हो?” मी पडलो मराठीचा प्राध्यापक. तेजस्वी म्हणजे लखलखीत, एवढेच मला ठाऊक. ती हसली. “अहो मामा, त्यांतल्या कितीतरी मंद दिसतात. काळपट, विस्कटलेल्या!” मग तिने दिलेली पुस्तके घेऊन मी सुट्टीभर बसलो. त्यातून जे उमजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळावा. आपली आकाशगंगा त्यांतलीच एक. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी इंग्लंडमध्ये लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि त्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे उष्णता अधिक भरली. हेच अवरक्त किरण. आजीचा तळवा ओळखीत असे तेही हेच.

आकाशापुढे असा तळवा धरणे मात्र सोपे नव्हते. हवेतील बाष्प हे किरण बरेचसे अडवते. शिवाय दुर्बीण स्वतःच उबदार, म्हणजे तीही हेच किरण फेकणार! पेटत्या चुलीशेजारी बसून शेजारणीच्या चुलीची ऊब ओळखण्यासारखा हा प्रकार. म्हणून २५ जानेवारी १९८३ रोजी अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून ‘आयरास’ हा उपग्रह अवकाशात पाठवला. त्याची दुर्बीण द्रवरूप हेलियमने गारठवून ठेवली होती. तो हेलियम दहा महिन्यांत संपला आणि उपग्रह आंधळा झाला. पण तेवढ्यात त्याने जवळजवळ सारे आकाश चाचपून घेतले होते.

या पाहणीत एक जुनी मंडळी नव्याने पुढे आली. सर्प तारकासमूहातील ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे पंचवीस कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. हॅल्टन आर्प यांनी १९६६ साली ३३८ विचित्र दीर्घिकांचा एक चित्रसंग्रह छापला, त्यात हिचा क्रमांक २२०. म्हणून ‘आर्प २२०’. दृश्य प्रकाशात हिच्याकडे पाहून कोणी थबकणार नाही. पण अवरक्त किरणांत ती हजार अब्ज सूर्यांहून अधिक तेज ओकत होती! शंभर अब्ज सूर्यांइतके अवरक्त तेज असले की दीर्घिकेला ‘तेजस्वी अवरक्त’ म्हणतात. हजार अब्जांच्या पुढच्या ‘अतितेजस्वी’. आर्प २२० ही आपल्या शेजारातली या दुसऱ्या पंक्तीची मानकरी.

हे घडते कसे? आर्प २२० ही खरे पाहता एक दीर्घिका नव्हेच. ती दोघींची टक्कर आहे. सुमारे सत्तर कोटी वर्षांपूर्वी दोन दीर्घिका एकमेकींत शिरू लागल्या. अशा टकरीत तारे एकमेकांवर आपटत नाहीत. त्यांच्यामधली अंतरे प्रचंड असतात. भिडतो तो वायू. त्याचा वेग मरतो, तो गडगडत केंद्राकडे जातो, तिथे दाटतो आणि त्यातून ताऱ्यांची जत्रा जन्मते. आपल्या आकाशगंगेत वर्षाकाठी जेमतेम एकदोन सूर्यांइतके द्रव्य ताऱ्यांत बदलते. आर्प २२० मध्ये शंभरावर. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ साली तिचे जे चित्र दाखवले, ते पाहताना भाचीने एक हिशेब सांगितला. केंद्राजवळच्या अवघ्या पाच हजार प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात सुमारे दोनशे मोठे तारकागुच्छ आहेत, आणि आपल्या साऱ्या आकाशगंगेत मिळून जेवढा वायू, तेवढा तिथे कोंबलेला आहे.

या कोंदट जागी धूळही असतेच. पणतीच्या काजळीसारखे बारीक कण, बहुतेक मरत्या ताऱ्यांनी मागे टाकलेले. ते नव्या ताऱ्यांचा प्रकाश गिळतात, तापतात आणि ती ऊब अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर सोडतात. ‘ऊब’ हा शब्द जरा जपूनच घ्यावा. यांतली बरीचशी धूळ शून्याखाली दोनशे अंशांहूनही थंड असते. पण ती इतकी अफाट आहे की तेवढ्यावरही तिचा गाजावाजा होतो.

पुढे काय होते यावर मतभेद आहेत. १९८८ साली डेव्हिड सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की केंद्राकडे येणारा वायू तिथल्या महाकाय कृष्णविवरालाही खाऊ घालतो, मग धूळ उडून जाते आणि आतून लखलखीत क्वेसार प्रकटतो. निखारा राखेतून बाहेर यावा तसा. कल्पना देखणी आहे. पण १९९८ सालच्या एका अभ्यासात अशा बहुसंख्य दीर्घिकांचे तेज मुख्यतः नव्या ताऱ्यांचेच ठरले. प्रत्येक टकरीतून क्वेसार निघतोच असे नाही, आणि मला वाटते, ते बरेच आहे. निसर्गाने एकाच साच्यातून सारे काढावे तरी का? शेवट मात्र बहुधा सारखा होतो: वायू सरतो, तारे जन्मणे थांबते, आणि एक शांत, लंबगोल दीर्घिका उरते.

गंमत अशी की खुद्द आर्प यांचा कल या विचित्र आकारांचे मूळ टकरींपेक्षा उद्रेकांत शोधण्याकडे होता. प्रवाहाविरुद्ध पोहणारा माणूस! १९९० साली ‘नेचर’मध्ये महास्फोटाच्या सिद्धान्तावर शंका घेणारा लेख पाच जणांनी लिहिला, त्यांत आर्प यांच्या जोडीला आपले जयंत नारळीकरही होते. आर्प २०१३ साली वारले. त्यांचा चित्रसंग्रह आज टकरींचाच संग्रह म्हणून पाहिला जातो.

आपल्या परिसरात अशा दीर्घिका विरळा आहेत. परंतु आठ ते दहा अब्ज वर्षांपूर्वी त्या मुबलक होत्या, आणि त्या काळच्या ताऱ्यांचा मोठा वाटा त्यांच्या पोटी जन्मला. ताऱ्यांनी आजवर दिलेल्या प्रकाशापैकी सुमारे निम्मा धुळीने गिळून अवरक्त रूपात परत केला आहे. केवळ डोळ्यांवर विसंबून कोणी विश्वाचा जमाखर्च मांडला असता, तर निम्मी जमा वहीत चढलीच नसती.

“मग आपली आकाशगंगाही अशी पेटेल का ग?” मी विचारले. शेजारची देवयानी दीर्घिका आपल्याकडे येत आहे, हे वाचले होतेच. भाची म्हणाली, २०२५ सालच्या एका गणिताने पुढच्या दहा अब्ज वर्षांत त्या टकरीची शक्यता निम्मीच ठरवली आहे. आणि ती झालीच, तरी तोवर दोघींकडचा वायू बराच खर्ची पडलेला असेल.