धूर की धुकं? चैत्रातलं पाणी आणि गळ टाकणारा माणूस

वसंत म्हटलं की आपल्याला आंब्याचा मोहर आठवतो, कोकिळ आठवतो. माशाला यातलं काही दिसत नाही. त्याचा चैत्र पाण्यात येतो. आणि आपण माटुंग्याचे लोक अशा जागी राहतो की दोन अगदी निराळी पाणी आपल्याला सारखीच जवळ आहेत. उत्तरेला पवईचा तलाव, पश्चिमेला माहीमची खाडी आणि समुद्र. रविवारी पहाटे काठी आणि रीळ घेऊन या दोन दिशांना निघणारी मंडळी आजच्या श्रोत्यांतही आहेत, त्यांच्यासाठी आजचा विषय.

आता तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा याच्याशी संबंध काय? आहे. गळ टाकणाऱ्याला मासा दिसत नाही. त्याला दिसतं ते पाण्याचं वरचं अंग, तरंगणारं बूच आणि तंगुसाला बसलेला हिसका. बाकी सगळं अनुमान. नैयायिकांनी आपल्याला शिकवलं की डोंगरावर धूर दिसला तर तिथं आग आहे असं म्हणता येतं. पण त्यांनी हेही बजावलं की आधी तो धूर आहे ना, हे बघा, कारण दुरून धुकंही तसंच दिसतं. चैत्र-वैशाखात पवईच्या काठावर नेमकी हीच गफलत होते.

पहाटे तलावावर जावं तर मासे वर आलेले दिसतात. तोंडं उघडतात, मिटतात. नवखा माणूस म्हणतो, भुकेले आहेत, टाका गळ! कणकेचा गोळा अगदी तोंडापाशी पडतो आणि मासा ढुंकूनही बघत नाही. मग कणकेला दोष, गळाला दोष, शेजारी बोलणाऱ्याला दोष.

खरं कारण प्राणवायूचं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, तर तीस अंशांना साडेसातच्या आसपास. ही झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात, पण रात्रभर तेही श्वास घेतात, मासेही घेतात, तळाचा कुजणारा गाळही घेतो. म्हणजे चोवीस तासांतली सगळ्यात मोठी टंचाई सूर्योदयाच्या सुमाराला. त्यात जलपर्णीची चादर पसरलेली असेल तर उजेडही आत जात नाही आणि वाराही पाण्याला लागत नाही. उन्हाळ्यात पातळी उतरते, सांडपाणी मात्र येतच राहतं. तेव्हा पहाटे वर आलेला मासा भुकेला नाही, तो धापा टाकतो आहे.

मग ओळखायचं कसं? इथं एक गंमत आहे. कटला हा मुळातच वरच्या थरात चरणारा, त्याचं तोंडही वर वळलेलं. तो वर दिसला यावरून काहीच सिद्ध होत नाही. रोहू मधल्या थरातला. पण मृगळ तळाशी चरणारा मासा आहे. तो वर येऊन तोंड उघडू लागला तर समजावं की खाली श्वास घेण्यासारखं काही उरलेलं नाही. शिवाय चरणारा मासा एक वलय उठवून जातो; गुदमरणारा तिथंच रेंगाळतो, आपली सावली पडली तरी आळसावल्यासारखा हलतो. अशा वेळी गळ टाकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. चुकून लागलाच तर झुंजीत तो पार थकतो, आणि मग सोडून दिला तरी त्या पाण्यात त्याला पुन्हा दम भरता येत नाही. सूर्य चांगला दोन तास वर येऊ द्यावा. नाहीतर संध्याकाळ गाठावी. दिवसभराच्या उन्हात वनस्पतींनी कमाई केलेली असते.

(पवईचं पाणी 1891 साली बांध घालून अडवलं ते शहराला पाजण्यासाठी. पिण्यालायक ठरलं नाही, म्हणून तिथं आज गळ टाकता येतो, तोही अँगलिंग असोसिएशनची परवानगी घेऊन. विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव, तिकडे काठी घेऊन जायचं नाही. आणि पवईत मगरी आहेत. पाय पाण्यात सोडून बसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

आता माहीमकडे वळू. तलावाचं घड्याळ सूर्याचं, खाडीचं चंद्राचं. भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा ठोकताळा बऱ्याच जणांना ठाऊक असेल: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. एकदा दिवसा, एकदा रात्री. इतकं सोपं गणित दुसऱ्या कुठल्या शास्त्रात नसेल! पण जरा तपासून बघा. अमावास्या पंधरावी तिथी धरली तर सव्वाअकरा येतात; नव्या पक्षाचं शून्य धरलं तर बारा. एकाच दिवसाला दोन उत्तरं. कारण असं की भरती दर तिथीला सुमारे 48 मिनिटांनी पुढं सरकते आणि ठोकताळा 45 धरतो. तीन मिनिटांची उधारी साठत साठत पक्षाच्या शेवटी पाऊण तास होते. मुंबईत खरी भरती त्या दिवशी बहुधा या दोन वेळांच्या मध्ये कुठंतरी येते. म्हणून आम्ही ठोकताळा टाकून देत नाही, त्याला अर्ध्या तासाची ढील देतो.

यातून आपल्या किनाऱ्याची एक खासियत निघते. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री; म्हणून पहाट आणि संध्याकाळ ओहोटीची. अष्टमीच्या भांगाला नेमकं उलट. पहाटेचा गार वेळही हवा आणि चढतं पाणीही हवं असेल तर दशमी ते द्वादशी बघावी: भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान पुरी होते, म्हणजे उजाडल्यावर चढत्या पाण्याचे शेवटचे दीड-दोन तास हाती लागतात. चढत्या पाण्याबरोबर बोयांसारखे छोटे मासे कडेला येतात आणि त्यांच्या मागावर मोठे. उधाणाचा जोरदार प्रवाह गाळ ढवळतो, पाणी गढूळ होतं. दशमीच्या सुमाराला ते त्या मानानं निवळ असतं. आता एकादशीला घरचे उपास करत असताना आपण मासे धरायला निघायचं, हा प्रश्न धर्मशास्त्राचा. तो आमच्या कक्षेत येत नाही.

पण एक प्रश्न येतो, आणि तो जिवाचा आहे. होळी पौर्णिमेच्या किंवा चैत्र पौर्णिमेच्या पहाटे माहीम-वांद्र्याच्या बाजूला खडक लांबवर उघडे पडलेले असतात. माणूस सहाला चालत टोकापर्यंत जातो. समोर शांत पाणी. पहिल्या तासात ते जेमतेम वीतभर चढतं, आणि तो निष्कर्ष काढतो की असंच चढेल. इथंही धुक्याला धूर समजण्याचाच प्रकार! भरती एकसारखी चढत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मी चढते. उधाणाला आपल्याकडे पाणी साडेतीन-चार मीटर चढतं, म्हणजे आठ ते दहाच्या दरम्यान पुरुषभर. शिवाय खडक सपाट नसतात. पाठीमागची खोलगट जागा आधी भरते आणि आपण उभे असतो ती उंच जागा कोरडीच राहते. उधाणाच्या दिवशी साडेसातला मागं फिरावं. मासा लागत असला तरी.

आता जिताडा. रायगडकडचे लोक त्याच्यावर जीव टाकतात आणि खाडीच्या तोंडाशी गळाला लागला तर आठवडाभर चर्चा होते. पण हा मासा जन्मभर एका लिंगाचा नसतो. आधी नर म्हणून वयात येतो, काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे फोटो काढण्याजोगा मोठा जिताडा ही बहुधा मादीच. आणि तिची अंडी घालण्याची वेळ पावसाळ्याच्या तोंडाशी, खाडीच्या मुखाच्या खाऱ्या पाण्यात. चैत्र-वैशाखात आपण तिला उचलतो तेव्हा पुढची वीण सोबत उचलतो. पवईतल्या रोहूचं तसं नाही. वसंतात त्याचंही पोट अंड्यांनी भरतं, पण त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तलावात तो सहसा वीत नाही, बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागतात. दोन माशांच्या पोटात अंडी दिसली म्हणून दोघांना एकच नियम लावणं बरोबर नाही.

कोळी बांधवांच्या यांत्रिक बोटी 1 जून ते 31 जुलै बंद असतात. ती बंदी पोटावर येते आणि ते ती सोसतात. आपण छंदासाठी जातो. मग मोठा जिताडा लागला तर गळ पाण्यातच सोडवावा, पोटाखाली हात धरून तो स्वतःहून निघेपर्यंत थांबावं, फोटो हवाच असेल तर तसाच पाण्यात काढावा. मध्यम आकाराचा घरी न्यायला हरकत नाही. मात्र तो खुल्या समुद्राच्या बाजूचा असावा. खाडीच्या आतल्या भागात कोरड्या दिवसांत मिठी नदीतून येतं ते बहुतेक सांडपाणीच, तिथला मासा आम्ही आमच्या ताटात वाढणार नाही.