छातीतला कठीणपणा झाकून ठेवू नका

परळीचे ग्रामदैवत वैजनाथ. या नावाचे मूळ रूप वैद्यनाथ, म्हणजे वैद्यांचा नाथ. अशा गावातही काही दुखणी देवापाशी सांगितली जातात, पण वैद्यापाशी नाही. स्त्रियांच्या छातीचे दुखणे हे त्यांपैकीच एक.

समजा, आपल्या घरातील एखाद्या पासष्टीच्या आजींची काही वर्षांपूर्वी मुंबईत किंवा पुण्यात स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे. काढलेल्या स्तनाच्या जागी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले आहे. बरीच वर्षे सारे ठीक होते. अलीकडे मात्र ती बाजू कठीण लागते, ओढल्यासारखी वाटते, पोलके नीट बसत नाही, त्या कुशीवर झोप येत नाही. आजी कोणाला काही सांगत नाहीत. रोग पुन्हा उलटला असेल, ही पहिली भीती. ‘या वयात हे हवेच कशाला होते,’ असे कोणी म्हणेल, ही दुसरी. हा लेख त्या आजींसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या मुली-सुनांसाठी आहे.

काट्याभोवतीचे कुरूप

शेतात अनवाणी चालताना बाभळीचा काटा पायात मोडला आणि आतच राहिला, तर त्याभोवती कुरूप धरते, हे आपल्या भागात कोणाला ठाऊक नाही? परकी वस्तू शरीरात शिरली की तिला बाहेर टाकण्याचा प्रयत्न शरीर करते. ते जमले नाही, तर तिच्याभोवती भिंत बांधून तिला वेगळे पाडते. सिलिकॉनच्या इम्प्लांटभोवतीही असेच तंतुमय आवरण तयार होते. हृदयासाठी छातीत बसवलेल्या पेसमेकरभोवतीदेखील ते असते. आवरण तयार होणे हा आजार नाही, शरीराचा तो नैसर्गिक धर्म आहे.

बहुतेक स्त्रियांत हे आवरण पातळ व मऊ राहते आणि त्याची जाणीवही होत नाही. काहींमध्ये मात्र ते जाड होते आणि आकसू लागते. त्यातील काही पेशी स्नायूंप्रमाणे आखडतात. मूठ आवळावी तसे आवरण इम्प्लांटला आवळते. यालाच वैद्यकात ‘कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर’, म्हणजे आवरणाचे आकुंचन, म्हणतात. सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट 1962 साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे बसवण्यात आले. तेव्हापासून आजवर या शस्त्रक्रियेच्या नेहमीच्या गुंतागुंतींमध्ये आकुंचनाची गणना होत आली आहे.

भिंत का आकसते?

याचे एकच एक कारण सांगता येत नाही. मात्र ज्या गोष्टींमुळे आवरणाभोवतीचा दाह रेंगाळतो, त्या सर्व आकुंचनाला हातभार लावतात.

पहिले कारण म्हणजे जंतूंचा अदृश्य थर. आपल्या त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी इम्प्लांटवर बसू शकतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. ताप येत नाही, पू होत नाही. पण शरीर त्यांच्याशी वर्षानुवर्षे झुंजत राहते आणि आवरण जाड होत जाते. म्हणूनच शल्यचिकित्सक इम्प्लांटला कमीत कमी हात लावतात आणि ते ठेवण्याची जागा जंतुनाशक द्रावाने धुतात.

दुसरे कारण रक्त साकळणे. शस्त्रक्रियेनंतर आत रक्त किंवा पाणी साचून राहिले, तर तेथे दाह वाढतो.

तिसरे कारण किरणोपचार. आमच्या वाचकांसाठी हेच सर्वांत महत्त्वाचे. कर्करोग परतू नये म्हणून दिलेली किरणे त्वचा व स्नायूंनाही ताठर करतात. इम्प्लांट बसवलेल्या बाजूस किरणोपचार झाले असतील, तर आकुंचनाचा धोका स्पष्टपणे वाढतो. याचा अर्थ किरणोपचार टाळावेत असा मुळीच नाही. जीव वाचवणे आधी, आकार नंतर.

चौथे कारण जुन्या इम्प्लांटला चीर जाणे. आतील जेल बाहेर झिरपले की दाह नव्याने सुरू होतो. अनेकदा ही चीर बाहेरून कळतही नाही.

इम्प्लांट स्नायूच्या वर आहे की खाली, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत, यानेही फरक पडतो. खरखरीत पृष्ठभागामुळे आकुंचन कमी होते, असे मानले जाई. मात्र पुढे अशा काही इम्प्लांटचा एका दुर्मिळ लसिका-कर्करोगाशी संबंध आढळला. त्यामुळे जुलै 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली बायोसेल जातीची इम्प्लांट जगभरातून परत घेतली.

या कारणांत ‘आजींनी भांडी उचलली’, ‘वाकून रांगोळी काढली’ किंवा ‘पथ्य मोडले’ असे कोठेही नाही. हा दोष रुग्णाचा नव्हे.

कठीणपणाच्या चार पायऱ्या

अमेरिकेतील शल्यचिकित्सक बेकर यांनी 1970 च्या दशकात मांडलेली प्रतवारी आजही वापरली जाते. पहिल्या पायरीत स्तन मऊ व नैसर्गिक असतो. दुसरीत हाताला किंचित घट्ट लागतो, पण दिसण्यात फरक नसतो. तिसरीत घट्टपणा वाढून आकार बदललेला दिसतो. चौथीत तो कठीण होतो आणि दुखतो. पहिल्या दोन पायऱ्यांत सहसा शस्त्रक्रिया लागत नाही, लक्ष ठेवणे पुरते.

हा त्रास बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत दिसतो, परंतु अनेक वर्षांनीही उद्भवू शकतो. उशिरा आलेला कठीणपणा, एका बाजूस अचानक आलेली सूज, नवी गाठ, त्वचेवरील लाली, काखेतील गाठ किंवा ताप, यांपैकी काहीही आढळल्यास थांबू नका. ते आकुंचनच असेल असे घरी ठरवू नका, आणि रोगच उलटला असेही नाही. तपासणीशिवाय हा निर्णय कोणालाच करता येत नाही.

घरी काय करू नये

जोरात मालिश करू नका. आवरण हाताने दाबून फोडण्याची पद्धत एकेकाळी डॉक्टरही वापरत. इम्प्लांट फुटू लागले आणि आत रक्तस्राव होऊ लागला, म्हणून ती सोडून देण्यात आली. डॉक्टरांनी जे सोडले, ते मालिशवाल्या बाईंकडून करून घेऊ नये.

गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. शस्त्रक्रियेनंतर तेथील त्वचा बधिर असते. चटका बसला तरी कळत नाही आणि मोठी जखम होते. लेप, काढे किंवा गोळ्यांनी हे आवरण खात्रीने विरघळत नाही.

कोठे जावे, काय सांगावे

परळीहून सुमारे 25 किलोमीटरवर अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी तेथील शल्यचिकित्सा विभागात करून घेता येईल. पुढे गरज भासल्यास छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय किंवा जेथे मूळ शस्त्रक्रिया झाली ते रुग्णालय, असा मार्ग आहे.

जाताना जुनी फाइल, किरणोपचाराचे कागद आणि इम्प्लांटचे कार्ड सोबत न्या. मॅमोग्राफीपूर्वी तेथील तंत्रज्ञांना इम्प्लांट असल्याचे आवर्जून सांगा. एमआरआयपूर्वी पेसमेकर असल्यास तेही सांगा. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे आणि तंबाखूची मिश्री लावण्याची सवय लपवू नका. तंबाखूतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम भरण्यास अडथळा येतो.

त्रास मोठा असेल, तर शस्त्रक्रियेने आवरण सैल करतात किंवा काढून टाकतात आणि इम्प्लांट बदलतात. कधी पोटाचे किंवा पाठीचे स्वतःचेच मांस वापरून स्तन घडवतात. आकुंचन पुन्हा होण्याची शक्यता मात्र उरते. आणखी एक पर्याय आहे, तो ज्येष्ठांना फारसा सांगितला जात नाही. इम्प्लांट कायमचे काढून टाकावे आणि वाटल्यास कपड्यांच्या आत बसणारा कृत्रिम स्तन वापरावा. यात हार मानण्यासारखे काही नाही. वय, प्रकृती आणि स्वतःची इच्छा पाहून आजींनीच निर्णय घ्यावा, इतरांनी साथ द्यावी.

सुना-मुलींसाठी दोन शब्द

आजी आपणहून बोलतील, याची वाट पाहू नका. त्या एकाच कुशीवर झोपू लागल्या, सैल पोलकी शिवून मागू लागल्या, केस विंचरताना हात वर नेईनात, तर एकांतात विचारा, ‘आई, त्या बाजूला ओढ बसते का?’ एवढा प्रश्न पुरे. दवाखान्यात सोबत स्त्री असावी. तपासणारी डॉक्टर स्त्री हवी असल्यास तसे सांगण्यात संकोच नसावा.

पायातले कुरूप आपण चारचौघांत दाखवतो, कारण त्यात लाज वाटत नाही. छातीतला कठीणपणाही त्याच जातीचा आहे. तो दाखवला, तर बहुतेक वेळा उपाय निघतो. आणि क्वचित त्यामागे रोग असलाच, तरी तो वेळेवर सापडतो.