शनीची साडेसाती आणि आटगावचे आकाश

‘ग्रह’ या शब्दाचा धात्वर्थ ‘धरणे’ असा आहे. जो धरतो तो ग्रह. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात चंदग्गाह, सूरियग्गाह व नक्खत्तग्गाह यांचे भविष्य सांगून उपजीविका करणे ही ‘तिरच्छानविज्जा’ म्हटली असून तथागत तिच्यापासून विरत आहेत, असे सांगितले आहे. तरीही शहापूर-मुरबाडकडील वस्त्यांत सोयरीक जुळविताना ‘मुलाला साडेसाती आहे’ हे वाक्य आमच्या कानी अद्याप पडते. म्हणून शनी म्हणजे काय, हे पाहणे अगत्याचे वाटते.

सूर्याभोवती एक फेरा पूर्ण करण्यास शनीला सुमारे २९.५ वर्षे लागतात. राशी बारा, तेव्हा एका राशीत त्याचा मुक्काम सुमारे अडीच वर्षे. जन्मराशी, तिच्या आधीची व नंतरची अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षे होतात. साडेसाती ती हीच. बारांपैकी तीन राशी सदैव तिच्यात असतात. अर्थात, कोणत्याही दिवशी सुमारे एक चतुर्थांश मानवजात साडेसातीत असते! शनी मंद आहे तो कोपामुळे नव्हे. पृथ्वीच्या मानाने तो सूर्यापासून साडेनऊपट दूर आहे; तेथे सूर्याचे आकर्षण क्षीण, म्हणून गती थोडी आणि मार्ग मात्र लांब.

हे सर्व ग्रह एकाच द्रव्यातून झाले. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू व धूळ यांचा एक मेघ स्वतःच्याच भाराने आकुंचन पावला. मध्यभागी सूर्य झाला, भोवती फिरती चकती उरली. चकतीतील कण एकमेकांस चिकटून खडे, खड्यांचे गोळे व गोळ्यांचे ग्रह झाले. सूर्यानजीकच्या उष्णतेत खडक व धातूच टिकले. तेथे बुध, शुक्र, पृथ्वी व मंगळ घडले. दूरच्या थंडीत बर्फही गोठले, गाभे मोठे झाले आणि त्यांतील गुरू व शनी यांनी विपुल वायू ओढून घेतला. ज्या मंगळाच्या नावाने मुलींचे विवाह अडतात, त्याचा तांबडेपणा लोखंडाच्या गंजाचा आहे.

आटगावी पावसाळ्यानंतर आकाश स्वच्छ होते. नैर्ऋत्येस मुंबईचा उजेड जाणवतो; म्हणून स्थानकाचे दिवे मागे टाकून तानसाच्या बाजूला जावे. ग्रह सूर्यचंद्राच्याच वाटेवर, म्हणजे रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा यांच्या आसपास शोधावेत. तारे लुकलुकतात, ग्रहाचा प्रकाश बहुधा स्थिर असतो. शुक्र पहाटे पूर्वेस किंवा सायंकाळी पश्चिमेस दिसतो, मध्यरात्री येथे कधीच नाही. (इतिवुत्तकातील ‘ओसधितारका’ अभ्यासक सामान्यतः शुक्रच समजतात.) साध्या दुर्बिणीतूनही, हात स्थिर असल्यास, गुरूचे चार चंद्र दिसतात, गॅलिलिओने ते १६१० साली पाहिले.

शनी फिकट पिवळा असतो. तीसपट मोठे दाखविणारी दूरदर्शी असेल तर त्याची कडी दिसतात. नसेल तर वहीत जवळच्या ताऱ्यांसह त्याचे स्थान काढावे आणि महिन्याने पुन्हा काढावे. तो किंचित सरकलेला दिसेल. वही सोयरिकीच्या बैठकीस न्यावयास हरकत नाही.